घड्याळ समोर ठेवून लिहिलेला निबंध

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असे संपादक मंडळाने सांगितले. राजे आणि लढाया सोडून मी आपल्या निबंधाच्या तासाचा इतिहास निवडला.

ठरावीक वेळेत पेपर लिहून योग्यता सिद्ध करायची, ही पद्धत आपल्याकडे इंग्रजी अमलात रुजली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. मराठीत वाद घालणारा निबंध मात्र घडवला तो शाळामास्तरांनी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेत शिकवत असतानाच १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली. १८८० मध्ये टिळकांच्या साथीने त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकरही लवकरच येऊन मिळाले. पुढच्याच वर्षी 'केसरी' निघाला. वर्गात शिकवायचे आणि दर आठवड्याला छापखान्याची वेळ गाठायची! त्यांचाही पेपर वेळेतच असे. पुढे मतभेद झाले आणि आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. मुलामुलींना सारखे आणि एकत्र शिक्षण द्यावे, हे त्यांनी तेव्हा ठामपणे मांडले.

आपल्या मराठीच्या बाई याच परंपरेतल्या. टेबलावर घड्याळ, वेळ तीस मिनिटे. पहिली पाच मिनिटे निबंधाला सुरुवात करायची नाही. वहीच्या मागच्या पानावर फक्त तीन गोष्टी: एका ओळीत आपले मत, त्याची दोन कारणे आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. मग वीस मिनिटे लेखन, शेवटची पाच वाचून पाहायला. विरोधी मुद्दा लेचापेचा मांडला, की बाई गुण कापत. "समोरच्याला वेडा ठरवून जिंकलात, तर ते जिंकणं नव्हे," हे त्यांचे वाक्य तुम्हालाही आठवत असेल.

दहावीचा निकाल लागला आणि मला पुढे शिकवायचे की नाही, यावर घरी बोलणे सुरू झाले. अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो." हातात एकच रात्र होती. मी एक पान लिहिले. आधी अण्णांचीच काळजी, त्यांच्याच शब्दांत: कॉलेज तालुक्याला, एसटीचा भरवसा नाही, घरी यायला अंधार. मग माझे उत्तर: वर्गातल्या आणखी दोघी त्याच गाडीने जाणार, मुलींना बारावीपर्यंत फी माफ, आणि सकाळचे कॉलेज असल्याने दुपारी घरी. अण्णांनी पान दोनदा वाचले. "एक वर्ष जाऊन बघ," एवढेच म्हणाले. मी पुढे पदवीपर्यंत शिकले.

अण्णा पटले, कारण त्यांची काळजी मी आधी मान्य केली होती. आज मुले गाइडमधले तयार निबंध पाठ करतात. त्यांना गुण मिळतीलही. पण घरी, ग्रामसभेत किंवा नोकरीत जो प्रश्न अचानक समोर येतो, त्याचा निबंध कुठल्याच गाइडमध्ये नसतो. आपल्या शाळेत आता शिकवणाऱ्या गुरुजनांना म्हणूनच एवढी विनंती: आठवड्यातला एक तास मुलांना असे लिहायला जरूर द्या.