विहीर, शोषखड्डा आणि घराचे सोवळे

गोमंतकातील जुन्या घराची मांडणी पाहिली असता तिच्यात एक शिस्त दिसून येते. पुढे अंगण आणि तुळशीवृंदावन, मध्ये राजांगण, मागील दारी न्हाणीघर आणि एका बाजूस विहीर. न्हाणीचे पाणी पाटाने माडांच्या व केळींच्या आळ्यांत जाई. शौचास घरापासून लांब जाण्याचा प्रघात होता. मलमूत्र आणि पाय धुतलेले पाणीसुद्धा घरापासून दूर टाकावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. कौटिल्याने वास्तुप्रकरणात सांडपाण्याचा पाट शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतरावर असावा याचाही विचार केलेला आहे. या सर्व आचाराच्या मुळाशी दोनच तत्त्वे होती : एक अंतर आणि दुसरे माती. जे दूर गेले व जे मातीत जिरले ते शुद्ध झाले, अशी ही समजूत; आणि लोकवस्ती विरळ होती तोवर ती बहुतांशी खरीही ठरली.

वस्ती दाट झाली की काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आपणांस लांब जावयास नको. सोळाव्या शतकात ज्या गोवे शहराचे वैभव युरोपात गाजत होते, त्याच शहरात १५४३ साली पटकीची भयंकर साथ आली. पुढे १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाचे वर्णन केले. पोर्तुगीजांनी त्याला दिलेले नाव आपल्याच ‘मोडशी’ या शब्दावरून घेतलेले आहे. साथीमागून साथी येत राहिल्या. अखेर १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीस हलविले आणि १८४३ मध्ये पणजी ही अधिकृत राजधानी झाली. शहर ओस पडण्यास व्यापाराचा ऱ्हास इत्यादी कारणे होतीच. परंतु सच्छिद्र जमिनीत मुरलेली घाण विहिरींच्या पाण्यास मिळत होती, हे कारणही इतिहासकारांनी त्यांत गणले आहे. देवळे, चर्चे, वाडे हे सर्व डोळ्यांना दिसत होते. भूमीच्या पोटात काय चालले आहे हे मात्र कोणास दिसत नव्हते.

हे अदृश्य प्रथम दृश्य झाले ते लंडन शहरात. १८५४ साली ब्रॉड स्ट्रीट या भागात पटकीने सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखविले. हेन्री व्हाइटहेड नावाच्या तेथील धर्मोपदेशकास हे प्रथम पटले नाही. परंतु घरोघर चौकशी करता करता त्याचीच खात्री पटली. पुढे खणून पाहिले तेव्हा एका घराचा मैलाखड्डा त्या विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर असून त्याच्या विटा सुटलेल्या आढळल्या. त्या पाण्यास ना रंग होता ना वास. उलट ते चवीस उत्तम, अशीच त्याची ख्याती होती. निर्मळ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही, हा धडा मानवजातीने फार मोठ्या मोलाने विकत घेतला.

यानंतर घरच्या घरी मैल्याची व्यवस्था कशी लावावी, याचे शोध सुरू झाले. इंग्लंडमधील हेन्री मूल या पाद्र्याने १८६० मध्ये कोरडी माती टाकण्याच्या शौचकूपाची सनद मिळविली. त्याच सुमारास फ्रान्समधील मूरास नावाच्या गृहस्थाने आपल्या घराचा मैला एका बंद हौदात सोडला. काही वर्षांनी उघडून पाहतो तो घनभाग बहुतेक विरघळून गेलेला. १८९५ मध्ये एक्सेटर शहराचे अभियंते डोनाल्ड कॅमरन यांनी अशाच हौदास ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. ही विद्या आपल्याकडेही लवकरच पोचली. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा हौदातील वायू साठवून त्यावर यंत्र चालविल्याची १८९७ सालची नोंद आहे.

मात्र या हौदाविषयी एक गैरसमज आपल्या समाजात खोल रुजला आहे. हौद बांधला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे आपण मानतो. वास्तविक हौदात जड गाळ तळाशी बसतो, स्निग्ध भाग वर तरंगतो आणि हवेवाचून जगणारे सूक्ष्मजंतू गाळाचा काही अंश पचवितात. मधले जे पाणी बाहेर पडते त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरे शुद्धीकरण होते ते पुढे, शोषखड्ड्याभोवतीच्या कोरड्या, हवा खेळत्या मातीत. म्हणून निवड करावयाची ती हौदाची नव्हे, तर जमिनीची.

आणि येथेच आपल्या भूमीचा स्वभाव आड येतो. कोकण-गोमंतकातील जांभा दगड पोकळ्यांनी व भेगांनी भरलेला असतो. त्यातून पाणी गाळले न जाता वाहत जाते. शिवाय पावसाळ्यात विहिरीची पातळी इतकी वर येते की शोषखड्डा व विहीर यांचे पाणी एकच होण्याचा संभव असतो. भारतीय मानकाप्रमाणे शोषव्यवस्था पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ४० हात, आणि राहत्या घरापासून निदान ६ मीटर दूर हवी. भेगाळ खडकात एवढे अंतरही पुरेलच असे नाही. मोजताना शेजाऱ्याची विहीर विसरून चालणार नाही. घर बांधणाऱ्याने भर श्रावणात आपल्या विहिरीचे पाणी किती हातांवर येते हे आधी पाहावे, मग गवंड्यास बोलवावे.

जेथे माती खोल व पाणी खाली आहे, तेथे लहान कुटुंबास दोन खड्ड्यांचा संडास उत्तम. एक खड्डा सुमारे तीन वर्षांत भरतो. मग दुसरा वापरावा. विसावलेल्या खड्ड्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत मातीसारखे निर्गंध खत होते. जेथे पाणी वर आहे, तेथे न गळणारा हौद, त्यापुढे खडीचे गाळण किंवा वनस्पती लावलेला खडीचा वाफा, असा क्रम ठेवावा. विजेवर हवा सोडणारी यंत्रेही आज मिळतात; पण वीज व देखभाल यांचा भरवसा असेल तरच ती घ्यावीत. न्हाणीचे पाणी पूर्वीप्रमाणे वेगळे ठेवून माडांना द्यावे. हौदावरील भार तेवढाच हलका होतो. देवस्थानांच्या अग्रशाळांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : हौद रोजच्या माणसांच्या हिशेबाने बांधलेला असतो; जत्रेच्या गर्दीचे पाणी एकदम आले की तळचा गाळच ढवळून बाहेर पडतो. मग देवाच्या तळीचे काय होत असेल, याचा विचार महाजनांनीच करावयाचा आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण सोवळे पाळले, पण मैला वाहण्याचे काम पिढ्यान् पिढ्या काही जातींच्या माथी मारले. ही विसंगती ज्यांना सहन झाली नाही, त्यांत अप्पासाहेब पटवर्धन अग्रगण्य होत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे, या मागणीसाठी त्यांनी उपोषण केले आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग केले. ‘गोपुरी संडास’ हे त्यांचेच फळ. हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी केली, आणि २०१३ च्या कायद्याने माणसास साधनांवाचून हौदात उतरविणे हा गुन्हा ठरविला. तरीही विषारी वायूने गुदमरून माणसे मरत आहेत. हौदास झाकण कोठे ठेवावे, यंत्राची गाडी तेथवर पोचेल की नाही, गाळ दोन-तीन वर्षांनी कोण व कसा काढील, या प्रश्नांची उत्तरे घर बांधतानाच ठरतात.

आपल्या पूर्वजांनी अंतर व माती यांवर विश्वास ठेवला. अंतर आता उरलेले नाही. माती तेवढी शिल्लक आहे. ती जेवढे शुद्ध करू शकते तेवढेच तिच्या हाती द्यावे, आणि जे काम आपण स्वतः करणार नाही ते दुसऱ्या माणसास करावे लागणार नाही अशी योजना करावी. घराचे सोवळे विहिरीच्या काठावरून जेवढे दिसते, त्याहून अधिक ते तिच्या तळाशी असते.