ताजच्या घुमटावरून उडी कोणी मारली?

कोपरीतून बोलतोय, त्यामुळे मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. खिडकी लावली तरी तो आत येतोच.

मागच्या महिन्यात गाडीत एका ओळखीच्याने विचारलं, "ताजच्या त्या लाल घुमटात असतं काय रे? कुणाला जाऊ देतात का?" मी काही बोलायच्या आत शेजारच्या गृहस्थांनी उत्तर दिलं, "बंद आहे ते. बांधणाऱ्या इंग्रज आर्किटेक्टने तिथूनच उडी मारली ना! हॉटेल उलटं बांधलं गेलं म्हणून."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, तुम्हीही ऐकली असेल. इंग्रज (कुणी फ्रेंच म्हणतं) साहेब नकाशे देऊन विलायतेला गेला, परत आला तर इमारतीचं तोंड समुद्राकडे नाही, गावाकडे! साहेबाने डोकं धरलं, वर चढला आणि संपला. बंद जागा असली की तिथे एक भूत लागतंच. कुणी वर जाऊन बघू शकत नाही, म्हणून गोष्ट टिकते.

आता खरं काय ते बघू.

जमशेटजी टाटांच्या या हॉटेलचं काम सुरू झालं 1898 मध्ये. मुंबईत तेव्हा प्लेगचे दिवस होते. आराखडा करणारे होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, जोडीला डी. एन. मिर्झा. हो, वैद्य. मराठी माणूस. आणि हे काही कुठून तरी उगवलेले नव्हते. फ्रेडरिक स्टीव्हन्स व्हिक्टोरिया टर्मिनस बांधत होते तेव्हा त्यांच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून वैद्यांनी काम केलं होतं. म्हणजे आपण ठाण्याहून रोज जिथे उतरतो, त्या स्टेशनच्या घुमटाखालीही हेच गृहस्थ वावरले होते. तिथेही आपल्याला वर जाता येत नाही, पण त्याबद्दल कुणी भुताची गोष्ट सांगत नाही. गाडी पकडायची घाई असते, दुसरं काय!

वैद्य 1900 मध्ये वारले. मलेरियाने, उडी मारून नाही. तोपर्यंत इमारत पुरी व्हायची होती. उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 ला, तेव्हाही सगळं बांधकाम संपलेलं नव्हतं. म्हणजे ज्या माणसाने हे कागदावर मांडलं, त्याला त्या घुमटाखाली उभं राहायला मिळालंच नाही. मला विचाराल तर उडीच्या गोष्टीपेक्षा हे जास्त लागतं. आणि गंमत बघा, दंतकथेने त्यांचा मृत्यूही काढून घेतला आणि एका बिननावाच्या साहेबाला देऊन टाकला.

मग "उलटं" बांधलं ते? अहो, उलटं नाहीच ते. तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते 1924 मध्ये पुरं झालं. घोडागाड्या शहराकडून यायच्या, म्हणून मुख्य दार त्या बाजूला ठेवलं. आज जिथे पोहण्याचा तलाव आहे ना, तिथून माणसं आत शिरत. समुद्राची बाजू खोल्यांना दिली, वारा खेळावा म्हणून. विचार करून केलेली गोष्ट आहे. पुढे दार समुद्राकडे आलं आणि आपल्याला वाटायला लागलं की कुणीतरी चुकलं होतं.

आता माथ्यावरची जागा बंद का, याकडे येतो. लिफ्ट नव्हती तेव्हा युरोपातल्या हॉटेलांत सगळ्यात वरचा मजला सगळ्यात स्वस्त असे. चार जिने कोण चढणार? तिथे मोलकरणी, नोकरचाकर राहत. लिफ्ट आली आणि हिशोब फिरला, वरची हवा महाग झाली. ताजमध्ये लिफ्ट सुरुवातीपासून होती. 1970च्या दशकात शेजारी टॉवर उभा राहिला तेव्हा वरून बंदर बघायची किंमत लावता आली. पण जुन्या इमारतीचा घुमट मात्र विकायची वस्तू झाला नाही. जिन्याच्या तळाशी उभं राहून मान वर करायची, पाहुण्याचा हक्क एवढाच. बाहेरून तो समुद्रावरून लांबून दिसतो, बंदरात येणाऱ्या जहाजांना खूण म्हणून गेटवेच्या आधीपासून तोच होता.

आणि मग 2008. नोव्हेंबरच्या त्या रात्री आपण सगळ्यांनी टीव्हीवर तो घुमट पाहिला, धुरात. माझ्या घरात कुणी झोपलं नव्हतं. त्या वरच्या, सहाव्या मजल्यावर हॉटेलचे जनरल मॅनेजर करमबीर कांग यांचं घर होतं. त्यांची पत्नी आणि दोन मुलं त्या आगीत गेली, आणि ते स्वतः खाली पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. ताजमध्ये 31 जण मारले गेले, त्यांची नावं आत स्मारकावर आहेत. आगीत होरपळलेला जुना भाग दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडला.

हे सांगितल्यावर गाडीतले ते गृहस्थ जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पण उडीची गोष्ट आमचे वडील सांगायचे हो." मी म्हटलं, माझेही. वडील अपोलो बंदरावर न्यायचे, चणे घेऊन द्यायचे आणि बोट वर करून दाखवायचे, तिथून. मी कितीतरी वर्षं त्या घुमटाकडे बघताना पडणारा माणूस शोधत असे.

परवा सीएसएमटीला उतरलो तेव्हा मुद्दाम बाहेर रस्त्यावर येऊन वर पाहिलं. मागून एक जण ओरडला, "ओ काका, चला की पुढे!"

पुढच्या भागात वॉटसन हॉटेल. लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने इथे आणला होता, आणि 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं तिथेच दाखवली गेली. भेटू.