घरगुती आंतरजाल जोडणीचा सामायिक वापर

घरगुती आंतरजाल जोडणीचा सामायिक वापर म्हणजे सेवापुरवठादाराकडून घेतलेली एकच आंतरजाल (इंटरनेट) जोडणी घरातील अनेक संगणकांनी, भ्रमणध्वनींनी व इतर उपकरणांनी एकाच वेळी वापरणे होय. हे काम बहुधा राउटर हे उपकरण करते. घराच्या आत प्रत्येक संगणकाला स्वतंत्र पत्ता असतो. घराबाहेर मात्र ते सर्व मिळून एकाच पत्त्याने ओळखले जातात. या पद्धतीची सोय आणि तिच्यातून उद्भवणाऱ्या बहुतेक अडचणी यांचे मूळ याच गोष्टीत आहे.

पार्श्वभूमी

आंतरजालावर देवाणघेवाण करण्यासाठी संगणकाला आयपी पत्ता लागतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत हा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच संभवतात. ही संख्या जगाला अपुरी पडणार, हे १९९० च्या दशकाच्या प्रारंभीच ध्यानात आले होते. मे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १६३१ या दस्तऐवजात केल्ड इगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी पत्ता-रूपांतराची (नॅट) कल्पना मांडली. फेब्रुवारी १९९६ मधील आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले तीन पत्तागट निश्चित केले. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारा गट घरगुती राउटरांमध्ये सर्रास आढळतो. एकच खासगी पत्ता असंख्य घरांत एकाच वेळी वापरात असतो. तो उंबरठ्याबाहेर चालत नसल्याने गोंधळ होत नाही.

कार्यपद्धती

राउटरला दोन बाजू असतात. बाहेरच्या बाजूस सेवापुरवठादाराने दिलेला पत्ता असतो, तर आतल्या बाजूस राउटर स्वतः डीएचसीपी या पद्धतीने प्रत्येक उपकरणाला खासगी पत्ता वाटून देतो. आतील संगणकाने एखादे संकेतस्थळ मागवले की राउटर त्या विनंतीवरील खासगी पत्ता पुसून तेथे आपला बाहेरचा पत्ता घालतो आणि सोबत एक पोर्ट क्रमांक जोडतो. कोणत्या संगणकासाठी कोणता क्रमांक दिला, याची नोंद तो एका तक्त्यात ठेवतो. उत्तर त्याच क्रमांकावर परत येते आणि तक्ता पाहून योग्य संगणकाकडे पोहोचवले जाते. जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असत, पण पोस्टमनला ठाऊक असे तो एकच घरक्रमांक. पुढची वाटणी वाड्यातले कोणीतरी करी. राउटरचे काम याहून फारसे वेगळे नाही.

तक्त्यात नोंद नसलेली, बाहेरून आपणहून आलेली विनंती कोणाकडे द्यायची हे राउटरला कळत नाही, म्हणून तो ती सोडून देतो. त्यामुळे आतील संगणकांना काही प्रमाणात संरक्षण मिळते. मात्र घरातील संगणकावर बाहेरून पोहोचायचे असल्यास राउटरमध्ये पोर्ट अग्रेषणाची वेगळी तजवीज करावी लागते.

भारतातील वाटचाल

भारतात सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. दूरध्वनीवरून जोडणी होण्याच्या त्या काळात घरात एकच संगणक असणे हीसुद्धा अपूर्वाई होती. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत जोडणी वाटून देण्याची सोय आली. मोडेम लावलेला संगणक दुसऱ्या संगणकाला तारेने जोडावा लागे आणि पहिला संगणक बंद केला की दुसऱ्याचीही जोडणी तुटे.

पुढे ब्रॉडबँड आल्यावर निराळाच प्रश्न उभा राहिला. मोडेम ‘ब्रिज’ पद्धतीने लावलेला असेल तर वापरकर्त्याचे नाव व परवलीचा शब्द संगणकावरच द्यावा लागे, आणि जोडणी त्या एकाच संगणकापुरती राही. तेच तपशील मोडेममध्ये भरून त्याला राउटरचे काम दिले की घरातील सर्वांचा मार्ग मोकळा होई. केबलवरून सेवा देणारे काही पुरवठादार ग्राहकाच्या संगणकाचा मॅक पत्ता नोंदवून ठेवत. अशा ठिकाणी राउटरला तोच मॅक पत्ता धारण करायला लावावा लागे. २०१० मध्ये अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीत हॉटस्पॉटची सोय आली आणि भ्रमणध्वनीही राउटरचे काम करू लागला.

वेगाची वाटणी

जोडणीचा वेग संगणकांमध्ये सारखा वाटला जातो, हा समज चुकीचा आहे. ज्याची मागणी अधिक, तो अधिक वाटा घेतो. एखाद्या संगणकावरून मोठी चित्रफीत वर चढवली जात असेल, तर बाहेर जाणाऱ्या मार्गावर रांग साचते आणि शेजारच्या खोलीतील दृक्-श्राव्य संभाषण अडखळू लागते. २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा आणि पालकांचे कार्यालय एकाच जोडणीवर चालू लागले, तेव्हा हा अनुभव घरोघरी आला. काही राउटरांमध्ये अशा संभाषणाला अग्रक्रम देता येतो.

वाय-फायवर भिंतींचाही परिणाम होतो. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोहोचते, पण शेजाऱ्यांच्या राउटरांचीही तेथे गर्दी असते; ५ गिगाहर्ट्झवर वेग अधिक व पल्ला कमी असतो. एका जागी ठेवलेल्या संगणकासाठी तारेची जोडणी आजही अधिक भरवशाची आहे.

सुरक्षितता व उत्तरदायित्व

बाहेरून पाहणाऱ्याला घरातील सर्व संगणक एकच दिसत असल्याने त्यांपैकी कोणीही केलेले कृत्य जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दाराशी येते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बाँबस्फोटांच्या सुमारास प्रसारमाध्यमांना आलेल्या ई-पत्राचा माग नवी मुंबईतील एका घरगुती जोडणीपर्यंत पोहोचला. तेथील वाय-फायचा बाहेरच्यांनी गैरवापर केल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फायच्या सुरक्षिततेबाबत सेवापुरवठादारांना निर्देश दिले.

वाय-फायसाठी आरंभी वापरली जाणारी डब्ल्यूईपी ही सांकेतिकीकरण पद्धत सदोष असल्याचे २००१ मध्येच उघड झाले होते. २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ व २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ या पद्धती आल्या. तथापि, शेजाऱ्याला एकदा सांगितलेला परवलीचा शब्द वर्षानुवर्षे न बदलल्यास कोणतीही पद्धत उपयोगी पडत नाही. पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे ठेवण्याची सोय अनेक राउटरांत असते, परंतु त्या जाळ्याचाही बाहेरचा पत्ता सहसा तोच राहतो.

पत्त्यांच्या टंचाईमुळे आता अनेक सेवापुरवठादार कित्येक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. त्यासाठी १००.६४ पासून सुरू होणारा स्वतंत्र पत्तागट २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत केवळ पत्त्यावरून घर ओळखता येत नाही. त्यासाठी पोर्ट क्रमांक व नेमकी वेळही लागते. बाहेरून घरच्या संगणकाशी संपर्क साधण्यासाठी केलेले पोर्ट अग्रेषणही तेथे निरुपयोगी ठरते.

आयपीची सहावी आवृत्ती

सहाव्या आवृत्तीतील पत्ता १२८ बिटांचा असल्याने घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो आणि पत्ता-रूपांतराची गरज उरत नाही. मात्र रूपांतराच्या आडोशाने मिळणारे संरक्षणही त्याबरोबर जाते, त्यामुळे नको असलेल्या विनंत्या अडवण्याचे काम राउटरमधील फायरवॉलला उघडपणे करावे लागते.