वारसाप्रकरणातील चीजवस्तूंचे जतन व मूल्यांकन

वारसाप्रकरणातील चीजवस्तूंचे जतन व मूल्यांकन म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिचे दागिने, भांडी, फर्निचर, वाहने, शस्त्रे, पुस्तके, कागदपत्रे इत्यादी जंगम मालमत्तेची यादी करणे, वाटणी होईपर्यंत ती सुरक्षित ठेवणे आणि तिचे मोल ठरवणे, ही प्रक्रिया होय. मृत्युपत्र असल्यास ते न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्यास प्रोबेट म्हणतात. मृत्यू आणि प्रोबेट किंवा प्रत्यक्ष वाटणी यांच्यामध्ये अनेक महिने, वाद असल्यास अनेक वर्षे जातात. स्थावर मालमत्तेची नोंद सातबारा, आखीव पत्रिका किंवा खरेदीखतात असते; घरातील चीजवस्तूंची नोंद बहुधा कोठेच नसते. त्यामुळे या मधल्या काळात त्याच सर्वाधिक असुरक्षित असतात. नागपूर व विदर्भात हिंदू कुटुंबांना प्रोबेट घेण्याची सक्ती नसल्याने हा प्रश्न तेथे अधिक ठळकपणे दिसतो.

इतिहास

नागपुरातील या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कटू उदाहरण भोसले राजघराण्याचे आहे. तिसरे रघूजी भोसले यांचे ११ डिसेंबर १८५३ रोजी निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता व त्यांनी हयातीत दत्तकही घेतला नव्हता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने वारस नसल्याचे कारण देऊन १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. राज्य खालसा झाल्याची हकीगत सर्वपरिचित आहे. राजवाड्यातील वस्तूंचे काय झाले, याची चर्चा त्या मानाने कमी होते.

वाड्यातील जडजवाहीर, सामानसुमान व जनावरे ही राजाची खासगी मालमत्ता की राज्याची, हा मूळ प्रश्न होता. खासगी मानली असती तर ती विधवा राण्यांकडे व कुटुंबाकडे गेली असती. कंपनी सरकारने तसे मानले नाही. राण्यांना त्यांच्या दर्जाला साजेसे काही दागिने व सामान द्यावे, उरलेले विकावे आणि आलेल्या रकमेतून कुटुंबासाठी ‘भोसला फंड’ उभारावा, असे ठरले. मालमत्तेचे स्वरूप ठरवणारा, ती ताब्यात घेणारा आणि विकणारा पक्ष एकच होता. त्याच्या निर्णयाची शहानिशा करू शकेल असा कोणीही तिऱ्हाईत नव्हता.

सप्टेंबर १८५४ मध्ये जनावरांचा जाहीर लिलाव सुरू झाला. ब्रिटिश इतिहासकार जॉन विल्यम के याने १८५७ च्या उठावाच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात (१८६४) या विक्रीची माहिती दिली आहे. त्याच्या म्हणण्यानुसार पाच ते सहाशे हत्ती, उंट, घोडे व बैल मिळून अवघे १,३०० पौंड आले. शेकड्यांत मोल असलेली बैलजोडी ५ रुपयांना गेली, अशी तक्रार राण्यांनी आपल्या अर्जात केली होती. एकाच वेळी, एकाच शहरात शेकडो जनावरे बाजारात आल्यावर भाव पडणारच होता. सक्तीच्या विक्रीत मिळालेली किंमत आणि वस्तूचे खरे मोल यांत केवढे अंतर असू शकते, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण आहे.

दुसरे रघूजी यांच्या पत्नी बांकाबाई या त्या वेळी घराण्यातील ज्येष्ठ स्त्री होत्या. सामान हलवल्यास वाड्याला आग लावीन, असे त्यांनी सांगितल्याचे के नमूद करतो. तरीही सामान हलवण्यात आले आणि बरेचसे जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला पाठवण्यात आले. पुढे दत्तक वारस जानोजी यांना इंग्रज सरकारने ‘देऊरचे राजाबहादुर’ हा किताब दिला. विकल्या गेलेल्या वस्तू मात्र परत आल्या नाहीत.

कायदेशीर पार्श्वभूमी

सध्या हा विषय प्रामुख्याने भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ अन्वये हाताळला जातो. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी १८७० मध्ये झालेला हिंदू विल्स ॲक्ट बंगालचा प्रदेश तसेच मद्रास व मुंबई या शहरांपुरता होता. तीच मर्यादा १९२५ च्या अधिनियमात कायम राहिली. त्यामुळे कलम २१३ अन्वये मुंबईतील हिंदू मृत्युपत्रांना प्रदीर्घ काळ प्रोबेटची सक्ती होती. मध्य प्रांताची राजधानी असलेल्या नागपुरात हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना ती नव्हती. १९५६ नंतर विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात आला, तरी ही स्थिती बदलली नाही. इच्छा असल्यास जिल्हा न्यायालयात अर्ज करून प्रोबेट घेता येते.

सक्ती नसल्याने खर्च व वेळ वाचतो, हे खरे. पण प्रोबेटसोबत येणारी शिस्तही त्यामुळे टळते. प्रोबेट मिळालेल्या निष्पादकाला कलम ३१७ नुसार सहा महिन्यांच्या आत संपूर्ण मालमत्तेची यादी आणि एका वर्षाच्या आत जमाखर्चाचा हिशेब न्यायालयात सादर करावा लागतो. निष्पादकाने मृताची वस्तू स्वतः, थेट किंवा आडमार्गाने, विकत घेतल्यास इतर हितसंबंधीयांच्या मागणीवरून ती विक्री रद्द होऊ शकते. हेळसांडीमुळे नुकसान झाल्यास त्याची भरपाईही त्याच्यावर येते. प्रोबेट न घेता परस्पर वाटणी करणाऱ्या कुटुंबात अशी यादी कोणी मागत नाही.

उत्तराधिकार प्रमाणपत्राचाही येथे फारसा उपयोग नाही. ते बँकेतील ठेवी, रोखे, येणी यांच्यासाठी असते. कपाटातील पाटल्या किंवा देवघरातील चांदी त्याच्या कक्षेत येत नाही.

ताबा व संरक्षण

मृत्यूनंतर कोणी वस्तू बळकावल्या असतील किंवा बळकावण्याची भीती असेल, तर हक्क सांगणाऱ्या वारसाला अधिनियमाच्या सातव्या भागानुसार जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. न्यायालय वस्तूंची यादी करवू शकते, त्यांना मोहोर लावू शकते आणि निकालापर्यंत अभिरक्षक नेमू शकते. या तरतुदी मुळात १८४१ च्या एकोणिसाव्या कायद्यातील आहेत. असा अर्ज मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि व्यवहारात ही मुदतच अनेकदा हुकते, कारण पहिले काही महिने दुखवट्यात व मनधरणीत जातात. प्रोबेटचा दावा चालू असल्यास कलम २४७ नुसार तात्पुरता प्रशासक नेमण्याची सोय आहे. जिल्हा न्यायाधीशांनी स्वतःहून मालमत्तेच्या रक्षणासाठी हस्तक्षेप करण्याची कलम २६९ मधील तरतूद मात्र हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख व जैन मृतांना लागू नाही. म्हणजेच नागपुरातील बहुसंख्य घरांत कोणीतरी अर्ज केल्याशिवाय न्यायालय दारात येत नाही.

बँकेच्या लॉकरची स्थिती वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार नामनिर्देशित व्यक्तीला लॉकरमधील वस्तू देण्यापूर्वी साक्षीदारांसमक्ष त्यांची यादी केली जाते व दावा पंधरा दिवसांत निकाली काढणे अपेक्षित असते. मात्र लॉकरमधील मोहोरबंद पाकिटे उघडण्याचे बंधन बँकेवर नाही; यादीत ‘एक बंद पाकीट’ एवढीच नोंद होऊ शकते. शिवाय नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. नामनिर्देशित व्यक्ती इतर वारसांच्या वतीने वस्तू स्वीकारते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने विमा, बँक ठेवी आणि २०२३ मध्ये, ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या वारसांमधील वादात, शेअर व म्युच्युअल फंड यांबाबत मान्य केले आहे.

यादी

यादी शक्य तितक्या लवकर, सर्व वारसांच्या किंवा त्यांच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत आणि दोन तिऱ्हाईत साक्षीदारांसमोर केलेली असावी. ‘सोन्याचे दागिने, अंदाजे दोन लाख’ अशी नोंद जवळजवळ निरुपयोगी असते. दागिन्याचा प्रकार, वजन, हॉलमार्क, खड्यांची संख्या आणि छायाचित्र असल्यास वस्तू बदलल्याचे पुढे ओळखता येते. सोन्याचा भाव रोज बदलतो, वजन बदलत नाही; म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या वादात रुपयांच्या आकड्यापेक्षा ग्रॅमचा आकडा अधिक विश्वासार्ह ठरतो.

मृताच्या घरात सापडलेली प्रत्येक वस्तू मृताची नसते. पत्नीचे किंवा सुनेचे स्त्रीधन ही तिची स्वतंत्र मालमत्ता असून पतीच्या वा सासऱ्याच्या वारशात ते धरता येत नाही. ते एकाच तिजोरीत ठेवल्याने मालकी बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. यादी करतानाच स्त्रीधन वेगळे नोंदवले नाही, तर विधवेला आपलेच मंगळसूत्र आपले असल्याचे सिद्ध करत बसावे लागते.

मूल्यांकन

प्रोबेटच्या अर्जात मालमत्तेचे मूल्य द्यावे लागते व त्यावर न्यायालयीन शुल्क आकारले जाते. मृताची देणी, अंत्यविधीचा खर्च आणि त्याच्याकडे विश्वस्त म्हणून असलेली मालमत्ता या हिशेबातून वजा होते. १९५३ ते १९८५ या काळात भारतात संपदा शुल्क होते, तेव्हा सरकारच मूल्यांकन तपासत असे. ते रद्द झाल्यापासून, इंग्लंडप्रमाणे वारसा कराच्या निमित्ताने घरातील वस्तूंचे मोल बाहेरच्या यंत्रणेने पाहण्याची पद्धत येथे उरलेली नाही. वारसाने पुढे दागिना विकल्यास भांडवली नफ्यासाठी मृताची खरेदी किंमत धरली जाते. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या खरेदीसाठी त्या दिवसाचा बाजारभाव घेता येतो. त्यामुळे जुन्या पावत्या जपणे फायद्याचे असते.

दागिन्यांचे मूल्यांकन नागपुरात बहुधा इतवारीच्या सराफा बाजारातून करून घेतात. सराफ शुद्धता तपासून, खडे व लाख यांचे वजन वजा करून भाव सांगतो; घडणावळ त्यात धरली जात नाही. मोडीचा हा भाव वाटणीसाठी योग्य असला, तरी जुन्या घडणीच्या दागिन्याला तो न्याय देत नाही. सराफ स्वतः खरेदीदार असेल, तर त्याचा अंदाज एकमेव आधार मानू नये. भांडी व फर्निचर यांना जुन्या वस्तूंचा बाजारभाव लागतो. पत्रे, रोजनिशा व हस्तलिखिते यांना बाजारच नसतो आणि नेमक्या याच कारणाने ती रद्दीत जातात.

विशेष नियम असलेल्या वस्तू

विदर्भातील जुन्या घरांत शिकारीच्या खुणा अजूनही आढळतात. वाघाचे कातडे, शिंगे यांसारख्या वस्तू वारशाने मिळाल्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यावे लागते. महाराष्ट्राचे हे कार्यालय नागपुरातच आहे. अशा वस्तूंची विक्री करता येत नसल्याने त्यांचे बाजारमूल्य ठरवण्याचा प्रश्न येत नाही. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर बंदूक घरात ठेवणे बेकायदा ठरू शकते. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती व कलावस्तू, तसेच पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतात. त्यांपैकी अधिसूचित प्रकारांची नोंदणी आवश्यक असून त्या खासगीरीत्या परदेशी नेता येत नाहीत. परदेशात स्थायिक झालेल्या वारसाच्या वाट्याला देवघरातील जुनी मूर्ती आली, तर ती बहुधा भारतातील नातेवाइकाकडेच ठेवावी लागते.