रिठा तेलविहिरीत

पैठणी धुवायची किंवा सोन्याचे दागिने उजळायचे तर रिठा, हे मराठी घरात कुणी शिकवावं लागत नाही. सुरकुतलेलं फळ फोडायचं, काळी टणक बी काढायची, टरफलं रात्रभर भिजवायची आणि सकाळी कुस्करायची. पातेलंभर फेस होतो. ही करामत सॅपोनिनची. त्याच्या रेणूचं साखरेचं टोक पाण्यात रमतं, दुसरं टोक तेलकटाला धरतं.

हेच सॅपोनिन आता तेलविहिरींसाठी तपासलं जातंय.

विहीर आटली म्हणजे तेल संपलं, असं नसतं. स्वतःच्या दाबाने वर आलेलं आणि मागाहून पाणी सोडून ढकललेलं असं दोन्ही धरून बहुतेक ठिकाणी जेमतेम एक तृतीयांश तेल हाती लागतं. बाकीचं खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत थेंबाथेंबाने अडकून राहतं. अरुंद तोंडातून निसटायचं तर थेंबाला लांबट व्हावं लागतं. तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण त्याला तसं होऊ देत नाही. पाणी मोकळ्या वाटेने निघून जातं.

हा ताण आणि हाती येणारं तेल यांचा संबंध अमेरिकेत उरेन आणि फाहमी यांनी 1927 साली मांडला. पुढच्या दोन-तीन वर्षांत डी ग्रूट यांनी हा ताण उतरवणाऱ्या द्रव्यांसाठी घेतलेल्या पेटंटांत कागद कारखान्यात लाकूड शिजवून उरणाऱ्या पाण्याचाही समावेश होता. म्हणजे या कुळाचा मूळपुरुष झाडच!

मध्ये झाडापासूनचं द्रव्य मागे पडलं. 1960 नंतर खनिज तेलापासूनच बनवलेल्या सल्फोनेटांची चलती झाली. तेल काढायला तेलाचाच साबण. साहजिकच कच्चं तेल महागलं की साबणही महागायचा.

झाडपाल्याकडे पुन्हा लक्ष गेलं ते या शतकात. रिठ्याच्या अर्कावरचा एक शोधनिबंध 2009 साली आला. इराणात बोरीच्या जातीतल्या एका झाडाची पानं घेतली गेली. त्यांच्या अर्काने केरोसीन आणि पाणी यांच्यातला ताण 48 वरून 9 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत उतरला. ऐकायला झकास. पण अडकलेला थेंब खऱ्या अर्थाने सुटायला हा आकडा 0.01च्याही खाली जावा लागतो. फेसाला भुलण्यात अर्थ नाही. फेस भरपूर आला म्हणून ताण तेवढा उतरतो असं नाही. शिवाय अर्काचा काही भाग खडकच शोषून घेतो. चुनखडकात मात्र निराळा फायदा होऊ शकतो: तेलाला चिकटून बसलेला पृष्ठभाग पाण्याकडे झुकतो आणि तेल सुटतं.

धनबादच्या आयआयटीत रिठ्याबरोबर एरंडेलावरही काम झालं. एरंडेलाचं मिथाइल एस्टर करून त्याला सल्फोनेट गट जोडतात. अल्कली आणि मीठ यांच्या जोडीने ते हा ताण रिठ्यापेक्षा कितीतरी खाली आणतं. देशात एरंडीचं सर्वाधिक पीक गुजरातचं. मेहसाण्याच्या शेतांत एरंडी उभी असते, आणि त्याच जिल्ह्यात ओएनजीसीची जुनी तेलक्षेत्रंही आहेत.