माव्याचें बळ कोणाचें?

वाटाण्यावरील मावा आणि त्याच्या अंगांत अंडें घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी यांचें वैर पुरातन आहे. माशीची अळी माव्यास आंतून पोखरून खाते; तरी माव्याचीं कांहीं कुळें तग धरतात. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा कुळाकुळांतील फरक मोजला गेला, आणि तें बीजाचेंच बळ असें मानण्यांत आलें. त्यांत वावगें कांहीं आहे असें आम्हांसही वाटलें नसतें.

पण २००३ सालीं ऑलिव्हर, रसेल, मोरान व हंटर यांनीं एकाच कुळाच्या माव्यांपैकीं कांहींच्या अंगांत सूक्ष्म जंतु सोडून पाहिले. ज्यांत जंतु होते, त्यांतील अळ्या अधिक मेल्या. माव्याच्या नांवें जमा धरलेलें श्रेय, आईकडून लेकीस मिळणाऱ्या या भाडेकरूंचें निघालें! पुढें २००९ सालीं त्यांतही वाटेकरी सांपडला : ‘हॅमिल्टोनेला’ जंतूच्या अंगांतील विषाणु नाहींसा झाला, कीं रक्षणही संपतें. म्हणजे पहारा पोटभाडेकरूचा.

तेव्हां माशीची झुंज माव्याशीं थोडी, जंतूशींच फार. तीही स्वस्थ नाहीं. जंतु असलेल्या माव्यांत ती पुष्कळदां एकाऐवजीं दोन अंडीं घालते, हें २०१२ सालीं आढळलें. उलट, जेथें माशीच सोडली नव्हती अशा पिंजऱ्यांत जंतुधारी मावा पिढ्यानुपिढ्या कमी होत गेला.