गिऱ्हाइकासाठीं काढलेलीं बोधचित्रें व त्यांचे कर्ते : साधनांचा विचार

पोथीच्या शेवटीं लेखक बहुधा आपलें नांव, शक, तिथि व गांव घालतो. ती ओळ हातीं लागली म्हणजे संशोधकाचें निम्में काम होतें. परंतु पोथी प्रथम जीर्ण होते ती आरंभीच्या व शेवटच्या पानीं. म्हणून पुष्कळदां ग्रंथ राहतो आणि लिहिणारा नाहींसा होतो. गेल्या सव्वाशे वर्षांत छापखान्यानें घरोघर पोंचविलेल्या एका चित्रवर्गाची गत याहूनहि वाईट आहे. तबकडीवरील कुत्रा, टायरांचा गुबगुबीत पुरुष, रंगाचा डबा घेतलेला खट्याळ मुलगा, हीं व्यापारी बोधचित्रें असंख्य लोकांनीं पाहिलीं. परंतु कर्ता कोण असें विचारल्यास उत्तर मिळतें तें बहुधा कंपनीचें. कारण चित्राशेजारीं नांव असतें तें विकत घेणाऱ्याचें.

या तिन्ही चित्रांचे कर्ते त्या त्या कंपनीचे नोकर नव्हते. गिऱ्हाइकाची अपेक्षा ऐकून, तीप्रमाणें चित्र काढून वा बदलून देऊन मोबदला घेणारे ते स्वतंत्र चित्रकार होते. अशा चित्रांत कर्त्याचा वांटा किती व गिऱ्हाइकाचा किती, हें कोणत्या साधनांवरून ठरवावें, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

(१) फ्रान्सिस बॅरॉड (१८५६-१९२४) हा इंग्रज चित्रकार. त्याचा भाऊ मार्क निवर्तल्यावर भावाचा निपर नांवाचा कुत्रा त्याजकडे आला. निपर १८९५ मध्यें मेला. त्यानंतर बॅरॉडनें फोनोग्राफच्या कर्ण्यापुढें मान कलती करून ऐकत बसलेल्या निपरचें चित्र रंगविलें व ११ फेब्रुवारी १८९९ रोजीं त्याच्या हक्काच्या नोंदणीसाठीं अर्ज केला. त्या अर्जांतील चित्राच्या वर्णनांत 'फोनोग्राफ' हा शब्द स्पष्ट आहे. चित्र प्रथम कोणी घेईना. काळ्या कर्ण्याऐवजीं पितळी कर्णा रंगवावा, म्हणून नमुन्यादाखल तो उसना मागावयास बॅरॉड त्याच वर्षीं लंडनच्या ग्रामोफोन कंपनींत गेला. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यानें चित्र घेण्याची तयारी दाखविली. अट एकच, फोनोग्राफ काढून त्या जागीं कंपनीचा ग्रामोफोन रंगवावा. सौदा १०० पौंडांस ठरला : ५० पौंड चित्राचे व ५० पौंड हक्काचे.

पोथींतील चुकलेल्या अक्षरांवर हरताळ लावून लेखक वर नवीं अक्षरें लिहितो. जाणत्यास खालचीं अक्षरेंहि लागतात. येथें तोच प्रकार आहे. मूळ चित्र योग्य प्रकाशांत पाहिलें असतां ग्रामोफोनच्या रंगाखालीं जुन्या यंत्राची खूण दिसते. परंतु याहून सबळ पुरावा चित्राच्या अर्थांतच आहे. फोनोग्राफाच्या नळकांड्यावर घरच्या घरीं स्वतःचा आवाज उतरवितां येत असे. ग्रामोफोनवर कंपनीनें तयार केलेली तबकडी तेवढी वाजे. तेव्हां कुत्र्यास यंत्रांतून आपल्याच धन्याचा आवाज ऐकूं यावा, ही कल्पना पहिल्या यंत्राशीं जुळते, दुसऱ्याशीं नाहीं. पाठ बदलला, पण अर्थ जुन्याच पाठाचा राहिला. यावरून वांटणी निश्चित होते : कल्पना, कुत्रा व रचना चित्रकाराची, यंत्र गिऱ्हाइकाचें. कुत्रा ज्या तकतकीत पृष्ठावर बसला आहे ती धन्याची शवपेटी, अशी एक कथा प्रचलित आहे. तीस आधार नाहीं.

महाराष्ट्रांतील जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांस हा कुत्रा चांगला परिचित आहे. उत्तर आयुष्यांत बॅरॉडनें आपल्याच चित्राच्या २४ प्रती कंपन्यांसाठीं रंगविल्या व त्यास वार्षिक वेतनहि मिळालें. हक्क विकून बसलेल्या कर्त्यास आपल्याच चित्राचा नकलकार व्हावें लागलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

(२) बॅरॉडचें उदाहरण अस्सल कागदाचें. दुसरें बखरीच्या जातीचें आहे. फ्रान्समधील मिशेलिन या टायरच्या कारखान्याचें बोधचित्र १८९८ चें. कर्ता मारियुस रोसिलों, चित्रावरील सही 'ओ'गालो'. कंपनीच्या परंपरेंतील वृत्तांत असा : १८९४ मध्यें लियों येथील प्रदर्शनांत टायरांची रास पाहून एदुआर मिशेलिन यास तींत माणसाचा आकार दिसला. पुढें ओ'गालोनें म्यूनिकच्या एका मद्य-कारखान्यासाठीं काढलेलें व तेथें नापसंत ठरलेलें चित्र आंद्रे मिशेलिन याच्या पाहण्यांत आलें. त्यांत एक धिप्पाड पुरुष पेला उंचावून, होरेस कवीच्या लॅटिन शब्दांत, आतां प्यालें पाहिजे असें म्हणत होता. त्या पुरुषाच्या जागीं टायरांचा पुरुष आला.

केवळ परंपरा म्हणून हा वृत्तांत टाकून देतां येत नाहीं. टायरच्या जाहिरातींत मद्यपानाची हांक स्वभावतः येत नाहीं. बीअरच्या जाहिरातींत येते. उलट पक्षीं, टायर अडथळा पिऊन टाकतो हें वाक्य आंद्रेनें १८९३ मध्येंच व्याख्यानांत वापरलें होतें, आणि भिंतीपत्रकावरील पेल्यांत मद्य नसून खिळे व कांचा आहेत. म्हणजे विनोदाचें बीज गिऱ्हाइकाचें, मूर्ति चित्रकाराची. म्यूनिकचें नापसंत चित्र समोर असल्यास हा निर्णय तर्कावर सोंपवावा लागत नाहीं. टाकलेला खर्डा हेंच येथें मुख्य साधन होय.

(३) आतां आपल्या मुंबईचें उदाहरण. १९४२ मध्यें चार मित्रांनीं स्थापिलेल्या एशियन पेंट्स या कंपनीसाठीं १९५४ मध्यें आर. के. लक्ष्मण यांनीं एक मुलगा काढला : कपाळावर केसांची झुलूप, हातांत रंग गळणारा कुंचला. मूर्ति लक्ष्मणांची, परंतु 'गट्टू' हें नांव त्यांचें नव्हे. तें लोकांत स्पर्धा लावून मिळविलें, व बक्षीस मुंबईच्याच दोघां स्पर्धकांत वांटलें गेलें. आकृति एकाची, नांव दुसऱ्यांचें, हक्क तिसऱ्याचा. २००२ मध्यें कंपनीनें गट्टूस निवृत्त केलें.

गट्टूचा कर्ता आज ठाऊक आहे, तो लक्ष्मणांचें नांव वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रांमुळें सर्वतोमुखीं होतें म्हणून. डब्यावरून तें कळलें असतें असें नाहीं. तुलनेसाठीं १९४६ चा एअर इंडियाचा महाराजा घ्यावा. त्याची कल्पना कंपनीचे बॉबी कूका यांची व रेखाटन जाहिरातसंस्थेंतील चित्रकार उमेश राव यांचें. कूकांचें नांव महाराजाबरोबर सहज घेतलें जातें. रावांचें शोधावें लागतें.

तात्पर्य, छापून प्रसिद्ध झालेलें चित्र हें कर्तृत्वनिर्णयाचें सर्वांत दुबळें साधन होय. खरीं साधनें तीं : कच्चीं रेखाटनें, गिऱ्हाइकानें सुचविलेल्या दुरुस्त्या, नाकारलेलीं चित्रें, पत्रव्यवहार, आणि चित्राची किंमत व हक्काची किंमत वेगवेगळी दाखविणारी पावती. संग्राहक स्वच्छ छापील प्रत जपतात व खाडाखोडीचा कागद रद्दींत देतात. पोथ्यांच्या बाबतींत ही चूक आपण केव्हांच सोडली. चित्रांच्या बाबतींत ती चालू आहे.

आज गिऱ्हाइकांसाठीं बोधचित्रें काढणारे स्वतंत्र चित्रकार बहुधा संगणकावर काम करतात. तेथें दुसरा खर्डा पहिल्यावर चढला कीं पहिला समूळ जातो. रंगाखालीं जुना फोनोग्राफहि उरत नाहीं. म्हणून चित्रकारांनीं प्रत्येक खर्डा तारखेसह वेगळा ठेवावा, व संग्राहकांनीं जुन्या चित्रकारांच्या घरचीं दप्तरें रद्दींत जाण्यापूर्वीं पाहावींत, एवढीच विनंती आहे. शेवटचें पान फाटण्यापूर्वीं त्याची नक्कल घेणें हें आपलें जुनेंच काम आहे.